कणखर कोणाला म्हणायचं? टेक्सासच्या एका कॉलेज संघाची गोष्ट



“बाई, पाणी पिऊन येऊ का?”

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, वार्षिक क्रीडास्पर्धांच्या तयारीच्या दिवसांत, हा प्रश्न मी रोज ऐकायचे. माझं उत्तरही ठरलेलं असायचं. “आधी फेरी पूर्ण कर. एवढंसुद्धा सहन होत नाही?” एके दिवशी दुपारच्या उन्हात सातवीतली एक मुलगी तिसऱ्या फेरीला मैदानातच मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. आम्ही तिला सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, लिंबूसरबत दिलं. अर्ध्या तासात ती बरी झाली. घरी जाताना मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाली, “सॉरी बाई, उद्या नक्की पूर्ण करीन.”

चूक माझी होती आणि माफी ती मागत होती. त्या दिवसापासून ‘कणखर’ हा शब्द वापरताना मी थोडी थांबते.

आपलं मूल कणखर व्हावं असं प्रत्येकाला वाटतं, आणि त्यात गैर काहीच नाही. पण कणखर म्हणजे नेमकं काय? आणि तो गुण मुलांमध्ये येतो कसा? आजच्या लेखात आपण अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाची गोष्ट पाहणार आहोत. या संघाच्या इतिहासात ‘सर्वांत कणखर खेळाडू कोण?’ हा प्रश्न निघाला की एक नाव हमखास घेतलं जातं. ती कथा ऐकताना अंगावर काटा येतो. पण तिचा हिशेब नीट मांडला, तर आपल्या पीटीच्या तासाला उपयोगी पडेल असा एक धडा मिळतो.

आधी थोडी ओळख

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणतात तो खेळ आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा वेगळा असतो. चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक वेळा हातात धरून पळायचा किंवा फेकायचा असतो. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. समोरचा संघ चेंडूवाल्याला धरून, आडवं पाडून थांबवतो. याला टॅकल म्हणतात. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा, आणि दोन्ही बाजूंचे गडी पूर्ण वेगाने पळत येऊन एकमेकांवर आदळत आहेत अशी कल्पना करा. म्हणून तर हेल्मेट आणि खांद्यावर जाड गाद्या घालून हा खेळ खेळतात.

तिथे कॉलेजचे सामने बघायला अफाट गर्दी होते. आपण ज्या संघाबद्दल बोलतोय तो टेक्सास ए अँड एम या विद्यापीठाचा. त्याच्या काईल फील्ड या मैदानात एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. हे कॉलेज १८७६ मध्ये सुरू झालं. नावातलं ‘ए’ शेतीचं आणि ‘एम’ यंत्रविद्येचं. शेतीवरूनच इथल्या विद्यार्थ्यांना आणि खेळाडूंना ‘अ‍ॅगी’ म्हणतात. कितीतरी वर्षं इथे फक्त मुलगेच शिकत आणि त्यांना लष्करी शिक्षण सक्तीचं होतं. मुलींना प्रवेश मिळू लागला तो १९६३ मध्ये. शिस्त, गणवेश, हुकूम पाळणं ही तिथली रोजची हवा होती. पुढची गोष्ट समजायला हे लक्षात ठेवावं लागेल.

एकही चेंडू न खेळलेला खेळाडू

या संघाचा सर्वांत लाडका खेळाडू त्या सामन्यात मैदानावर उतरलाच नाही, असं सांगितलं तर मुलांना गंमत वाटते. मी वर्गात इथूनच सुरुवात करते.

२ जानेवारी १९२२. डॅलस शहरात टेक्सास ए अँड एमचा सामना सेंटर कॉलेजशी होता. सेंटर हे केंटकी राज्यातलं छोटंसं कॉलेज, पण त्याच मोसमात त्यांनी बलाढ्य हार्वर्डला हरवलं होतं. सामना सुरू झाला आणि ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होऊ लागले. बाकावरचे राखीव गडी संपत आले. प्रशिक्षक डॅना बायबल यांना वाटलं, आता कदाचित अकरा जणसुद्धा उभे करता येणार नाहीत.

त्यांना ई. किंग गिल हा मुलगा आठवला. गिल आधी फुटबॉल संघात होता, पण मोसम संपल्यावर बास्केटबॉल खेळायला गेला होता. त्या दिवशी तो वर पत्रकारांच्या कक्षात होता आणि मैदानावरचा कोणता खेळाडू कोण हे पत्रकाराला सांगत होता. प्रशिक्षकांनी त्याला खाली बोलावलं. गिलने एका जखमी सोबत्याचा गणवेश अंगावर चढवला आणि तो बाकाजवळ येऊन उभा राहिला. सामना संपेपर्यंत तो उभाच होता. त्याला आत जावं लागलं नाही. ए अँड एमने सामना २२-१४ असा जिंकला.

इतकीच गोष्ट. पण आजही या विद्यापीठाचे विद्यार्थी सामना पाहताना खाली बसत नाहीत, संपूर्ण वेळ उभे राहतात. ‘गरज पडली तर आम्हीही तयार आहोत’ हा त्याचा अर्थ. या परंपरेला ते ‘बारावा माणूस’ म्हणतात. मैदानाजवळ गिलचा पुतळाही आहे. पुढे गिल डॉक्टर झाला.

गिलला कोणी धमकावलं नव्हतं. त्याचा घसा कोरडा ठेवून त्याची परीक्षाही कोणी घेतली नव्हती. संघाला गरज होती, त्याला हाक मारली आणि तो आला. कणखरपणाचा हा पहिला नमुना मनात ठेवूया.

जंक्शनचे दहा दिवस

आता ती अंगावर काटा आणणारी गोष्ट.

१९५४ मध्ये पॉल ब्रायंट हे नवे प्रशिक्षक म्हणून या कॉलेजात आले. त्यांना सगळे ‘बेअर’ म्हणजे अस्वल म्हणत, कारण लहानपणी जत्रेत त्यांनी खरोखर एका अस्वलाशी कुस्ती केली होती. आर्कान्सा राज्यातल्या गरीब शेतकऱ्याच्या घरात ते वाढले. अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना १९३५ मध्ये पायाचं हाड मोडलेलं असतानाही ते सामन्यात उतरले होते. अशा माणसाला नवा संघ मऊ वाटला यात नवल नाही. कोण टिकतो ते एकदा पाहूच, असं त्यांनी ठरवलं.

१ सप्टेंबर १९५४ ला ते संघाला घेऊन टेक्सासमधल्या जंक्शन नावाच्या लहानशा गावी गेले. तिथे कॉलेजची एक जागा होती. त्या वर्षांत टेक्सासमध्ये भीषण दुष्काळ होता. १९५० ला सुरू झालेला हा दुष्काळ संपायला १९५७ उजाडलं. जंक्शनला पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जात होता. मैदान कसलं, दगडगोटे आणि काटेकुटे असलेलं माळरान. पहाटे उजाडण्याआधी सराव सुरू व्हायचा, रात्री उशिरापर्यंत बैठका चालायच्या. आणि सरावात पाणी नाही. पाणी मागणं म्हणजे कमकुवतपणा, असा तो काळ होता. थंड पाण्यात बुडवलेले टॉवेल अंगावर, तोंडावर फिरवायला मिळाले, तर तेवढाच दिलासा.

साधारण शंभर मुलं तिथे गेली होती. रोज काही जण कमी होऊ लागले. काही जण सांगून गेले, काही रात्री सामान उचलून गुपचूप निघून गेले. दहा दिवसांनी उरले साधारण ३५. जाताना दोन बस भरून गेलो आणि येताना एकाच बसमध्ये आलो, असं त्यांच्यातलाच एक खेळाडू जीन स्टॅलिंग्ज पुढे गमतीने सांगायचा.

बिल श्रोडर नावाचा खेळाडू सरावात कोसळला. त्याला उष्माघात झाला होता. त्याला दवाखान्यात नेऊन बर्फात ठेवावं लागलं. तो वाचला, पण थोडक्यात.

टिकून राहिलेल्या मुलांना ‘जंक्शन बॉईज’ म्हणतात. त्यांच्यावर १९९९ मध्ये पुस्तक निघालं, २००२ मध्ये चित्रपट आला. ‘सर्वांत कणखर खेळाडू’ म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते हेच. आणि ते कणखर होते यात शंकाच नाही. वीस-एकवीस वर्षांच्या पोरांनी ते दहा दिवस काढले, ही साधी गोष्ट नाही.

पण मग पुढे काय झालं?

हिशेब मांडून बघूया

ही कथा सांगताना बहुतेक लोक असं सांगतात: ‘जंक्शनमध्ये मुलं तावून सुलाखून निघाली आणि दोनच वर्षांत संघ विजेता झाला.’ ऐकायला छान वाटतं. आपणही मुलांना अशाच गोष्टी सांगतो. ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ हे वाक्य आपल्या घराघरांत आहेच की. म्हणून गणिताच्या बाईंसारखा हिशेब मांडूया.

पहिली गोष्ट, १९५४ चा मोसम. जंक्शनहून परतलेला हा संघ दहा सामने खेळला. जिंकला एक, हरला नऊ. जिंकला तो सामनाही जॉर्जियाविरुद्ध ६-० असा. ब्रायंट ३८ वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. या सगळ्या काळात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला त्यांचा हा एकमेव मोसम. कारण उघड होतं. त्या काळच्या नियमांनुसार खेळाडू बदलण्यावर बंधनं होती, त्याच मुलांना आक्रमणही करावं लागे आणि बचावही. आणि इथे तर माणसंच उरली नव्हती.

दुसरी गोष्ट, १९५६ चा मोसम. संघ नऊ सामने जिंकला, एक बरोबरीत सुटला, एकही हरला नाही. आपल्या विभागाचं विजेतेपद मिळालं. पण तोवर जंक्शनच्या साधारण ३५ जणांपैकी मोजकेच संघात होते. बाकीचे नंतर आले होते. त्यात सर्वांत मोठं नाव जॉन डेव्हिड क्रो याचं. १९५४ मध्ये तो पहिल्या वर्षाला होता. त्या काळी पहिल्या वर्षाची मुलं मुख्य संघात खेळू शकत नसत, त्यामुळे तो जंक्शनला गेलाच नव्हता! १९५७ मध्ये याच क्रोला हाईसमन ट्रॉफी मिळाली. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा हा मान. ए अँड एमच्या इतिहासातला तो पहिला, आणि ब्रायंट यांच्या हाताखाली खेळून हा मान मिळवलेला एकमेव खेळाडू. जंक्शन न पाहता!

क्रोची स्वतःची गोष्टही सांगण्यासारखी आहे. जन्माच्या वेळी चिमट्याने बाहेर काढताना त्याच्या चेहऱ्याची नस दुखावली आणि एक बाजू कायमची लुळी पडली. शाळेच्या वयात अशा चेहऱ्याच्या मुलाला काय काय ऐकावं लागत असेल, हे आपण शिक्षक चांगलं जाणतो. त्याच चेहऱ्याने तो पुढे देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकला.

तिसरी गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आपण टिकलेल्यांच्या कथा सांगतो, गेलेल्यांच्या सांगत नाही. शंभरातले साधारण ६५ गेले. त्यांच्यात चांगले खेळाडू नव्हते का? सगळेच भित्रे होते का? हे कोणीच मोजलं नाही. चाळणीतून जे वर राहिलं ते चाळणीने तयार केलं, असं आपण म्हणत नाही. पीठ चाळल्यावर चाळणीत कोंडा राहतो म्हणून चाळणीने कोंडा बनवला असं कोण म्हणेल? पण माणसांच्या बाबतीत आपण नेमकं हेच म्हणतो. कठोर शिक्षकाच्या हाताखाली दोन विद्यार्थी पुढे गेले की श्रेय कठोरपणाला. शाळा सोडून गेलेले वीस जण मात्र कोणाच्याच हिशेबात नसतात.

शरीर काय सांगतं?

विज्ञानाच्या तासाला हा भाग जोडून घेता येईल.

आपण पळतो तेव्हा स्नायूंमध्ये वापरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो. ही उष्णता रक्त त्वचेपर्यंत आणतं. त्वचेवर घाम येतो, घामाची वाफ होते आणि शरीर थंड होतं. माठातलं पाणी गार होतं त्याच तत्त्वाने. कडक उन्हात खेळताना तासाला एक लिटरहून जास्त घाम जाऊ शकतो. हे पाणी रक्तातूनच जातं. ते भरून काढलं नाही तर रक्ताचं प्रमाण कमी होतं, हृदयाला जास्त जोराने काम करावं लागतं, त्वचेकडे जाणारं रक्त घटतं आणि शरीर थंड होईनासं होतं. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि मूल असंबद्ध बोलू लागलं, अडखळू लागलं किंवा बेशुद्ध झालं, तर तो उष्माघात समजायचा. त्यात जीव जाऊ शकतो.

आता एक गंमत बघा. उन्हात हळूहळू सराव वाढवत नेला तर साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीराला उन्हाची सवय होते. घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, म्हणजे थंड होण्याची यंत्रणा सुधारते. पण जास्त घाम म्हणजे पाण्याची गरजही जास्त. थोडक्यात, शरीराला उन्हाची सवय लावता येते, तहानेची लावता येत नाही. पाणी न देऊन मूल ‘तयार’ होत नाही, फक्त कोरडं पडतं.

अमेरिकेतही हे कळायला वेळ लागला. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातले डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खेळाडूंच्या घामातून काय जातं याचा अभ्यास केला आणि पाणी, मीठ, साखर यांचं पेय तयार केलं. तेच पुढे ‘गेटोरेड’ नावाने जगभर गेलं. आपल्या घरचं लिंबू, मीठ, साखर घातलेलं सरबत त्याच कुळातलं. २००३ मध्ये तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मोसमाआधीच्या सरावात पहिले पाच दिवस दिवसातून एकदाच सराव घ्यायचा आणि जड साहित्य टप्प्याटप्प्याने वाढवायचं, असा नियम आला.

तरीही चुका थांबलेल्या नाहीत. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या संघातला १९ वर्षांचा एक खेळाडू सरावात उष्माघाताने कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्याला वेळीच थंड पाण्यात ठेवलं गेलं नव्हतं. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे जबाबदारी मान्य केली. पण आईवडिलांचं मूल परत आलं नाही. बिल श्रोडर वाचला म्हणून जंक्शनची गोष्ट ‘शौर्यकथा’ झाली. तो वाचला नसता तर आज तीच गोष्ट आपण कोणत्या नावाने सांगितली असती?

ब्रायंट पुढे काय म्हणाले?

ब्रायंट हे अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक मानले जातात. १९५७ नंतर ते अलाबामाला गेले आणि तिथे त्यांनी सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तेव्हा त्यांना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण बरोबर नाही. त्यांना स्वतःला जसं शिकवलं गेलं तसंच त्यांनी शिकवलं. आपणही नाही का, आपल्या गुरुजींची छडी आपल्या हातात कधी येते, हे आपल्यालाच कळत नाही.

मला त्यांचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी दिसतं. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी मान्य केलं की, तेव्हा जेवढं कळत होतं तेवढ्यावर ते वागले, पण आता ते तसं करणार नाहीत. खेळाडूंना विश्रांती कशी द्यावी, पाणी का द्यावं, माणसं घडवण्याचे आणखी कोणते मार्ग असतात, हे आता आपल्याला जास्त कळतं, असं त्यांनी सांगितलं. आपण त्या मुलांपैकी असतो तर आपणही सोडून गेलो असतो, हेसुद्धा.

एवढ्या मोठ्या नावाच्या माणसाने ‘माझं चुकलं’ असं म्हणणं, हाही कणखरपणाच आहे. शिक्षकासाठी तर सर्वांत अवघड प्रकारचा.

जंक्शननंतरचे दोन जंक्शन बॉईज

जंक्शनमध्ये टिकलेल्यांपैकी दोघांची पुढची आयुष्यं पाहूया.

जॅक पार्डी पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. १९६४ मध्ये त्याच्या हातावर त्वचेचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली. १९६५ चा पूर्ण मोसम तो खेळला नाही, उपचार घेतले, विश्रांती घेतली आणि १९६६ मध्ये मैदानावर परतला. नंतर तो १९७२ पर्यंत खेळला. इथे मी मुलांना मुद्दाम सांगते की, तो थांबला म्हणून परत येऊ शकला. दुखणं लपवून खेळत राहिला असता तर कदाचित गोष्ट तिथेच संपली असती.

दुसरा जीन स्टॅलिंग्ज, तोच दोन बसची गोष्ट सांगणारा. तो ब्रायंट यांचा सहायक झाला आणि पुढे वयाच्या तिशीच्या आत ए अँड एमचाच मुख्य प्रशिक्षक झाला. १ जानेवारी १९६८ ला त्याच्या संघाने गुरूच्या अलाबामा संघाला २०-१६ असं हरवलं. सामना संपल्यावर ब्रायंट यांनी पुढे येऊन आपल्या शिष्याला चक्क उचलून घेतलं. शिष्याकडून पराभव हा गुरूचा आनंद असतो, हे आपल्याकडे म्हणतात ते इथे प्रत्यक्ष दिसलं. १९९२ च्या मोसमात स्टॅलिंग्ज यांनी अलाबामालाच राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

पण मला त्यांची आणखी एक गोष्ट जास्त मोठी वाटते. १९६२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याला डाउन सिंड्रोम होता, हृदयही कमजोर होतं. त्या काळी अशा बाळांना संस्थेत ठेवून द्या, असा सल्ला सर्रास दिला जायचा. त्यांनाही तो मिळाला. स्टॅलिंग्ज पतिपत्नींनी तो मानला नाही. मुलाला घरी वाढवलं, सरावाला, सामन्यांना सोबत नेलं, सगळ्या जगासमोर अभिमानाने आपला म्हटलं. जास्त जगणार नाही असं ज्याच्याबद्दल सांगितलं होतं तो मुलगा ४६ वर्षं जगला. विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक हा लेख वाचत असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको. दहा दिवसांचं जंक्शन एकीकडे आणि ही ४६ वर्षं एकीकडे.

छावणीत जन्मलेला मुलगा

शेवटचा खेळाडू अलीकडच्या काळातला. त्याचं आडनाव व्हिएतनामी आहे आणि अमेरिकेत त्याचा उच्चार साधारण ‘विन’ असा करतात. नाव डॅट विन.

१९७५ मध्ये सायगाव पडलं तेव्हा त्याचे आईवडील व्हिएतनाममधून पळाले. आई गरोदर होती. त्याच वर्षी आर्कान्सामधल्या निर्वासितांच्या छावणीत डॅटचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब टेक्सासच्या समुद्रकिनाऱ्यावर रॉकपोर्टला आलं आणि कोळंबीच्या व्यवसायात लागलं. त्या वर्षांत त्या किनाऱ्यावर व्हिएतनामी कोळ्यांना स्थानिकांचा मोठा विरोध होता. त्या वातावरणात हा मुलगा वाढला.

बचाव फळीत त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांच्या मानाने त्याची उंची कमी होती. पण चेंडू कुठे जाणार हे तो इतरांच्या आधी ओळखायचा. ए अँड एमकडून खेळताना त्याने ५१७ टॅकल केले. हा त्या विद्यापीठाचा विक्रम ठरला. त्याने सलग ५१ सामन्यांत सुरुवातीपासून खेळ केला. विचार करा, चार मोसम, दर सामन्यात धडका, आणि एकदाही जागा रिकामी नाही. १९९८ मध्ये त्याला लोम्बार्डी आणि बेडनारिक हे दोन मोठे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुढे तो व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला पहिला व्हिएतनामी-अमेरिकन ठरला.

डॅटच्या काळात खेळाडूंना सरावात पाणी मिळत होतं. आणि ते पाणी पिऊनच तो सलग ५१ सामने उभा राहिला.

मग कणखर म्हणजे काय?

आता सगळ्यांना एका ओळीत उभं करूया. हाकेला ओ देऊन शेवटपर्यंत तयार राहिलेला गिल. जंक्शनमध्ये टिकलेली मुलं. चेहऱ्याची लाज न बाळगणारा क्रो. आजारपणात थांबून मग परतलेला पार्डी. मुलाचा हात न सोडणारे स्टॅलिंग्ज. चार वर्षं सातत्याने खेळलेला डॅट. आणि चूक कबूल करणारे ब्रायंट.

यांतल्या बहुतेकांच्या कणखरपणाचा पाणी न पिण्याशी काही संबंध नाही. अवघड गोष्ट स्वतःहून स्वीकारणं, ती दीर्घकाळ करत राहणं आणि गरज असेल तिथे मदत घेणं, हे त्यांच्यात समान दिसतं. मुलाने अवघड गोष्ट जरूर करावी. घाम गाळावा, हरावं, पुन्हा उठावं. पण अवघड आणि धोकादायक यांतला फरक ओळखणं हे आपलं, मोठ्यांचं काम आहे. ते ओझं मुलावर टाकायचं नसतं.

वर्गात आणि मैदानावर काय करता येईल?

१. वरच्या सात गोष्टी गटांना वाटून द्या. प्रत्येक गटाने ‘आमचा माणूस कणखर का?’ हे पाच वाक्यांत सांगावं. शेवटी वर्गाने मिळून कणखर या शब्दाची व्याख्या लिहावी.

२. गणितासाठी: १०० पैकी ३५ उरले, तर गेले किती टक्के? मग विचारा, गेलेल्यांबद्दल आपल्याला काय माहीत आहे? उत्तर ‘काहीच नाही’ असं येतं, आणि तिथूनच खरी चर्चा सुरू होते.

३. मैदानावर दर १५-२० मिनिटांनी पाण्याची सुट्टी द्या. कोणी मागण्याची वाट पाहू नका, कारण लाजरी मुलं मागतच नाहीत. मुली तर शाळेतलं स्वच्छतागृह चांगलं नसेल तर मुद्दाम पाणी कमी पितात. याकडे पालकांनी आणि शाळेने दोघांनीही लक्ष द्यावं.

४. फेब्रुवारीपासून सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घ्या. सुट्टीनंतर पहिले काही दिवस सराव हलका ठेवा.

५. मूल गोंधळल्यासारखं बोलू लागलं किंवा कोसळलं तर ताबडतोब सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करत राहा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

६. पालकांनी घरी एवढंच विचारावं: “आज सरावात पाणी प्यायलास का? दमल्यावर कोणाला सांगितलंस?” मूल सांगू शकतं याचा अर्थ त्याला भरवसा वाटतो.

आमच्या शाळेत आता मैदानावर पाण्याची घंटा होते. कोणी विचारायच्या आधीच होते. सातवीतली ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिची माफी मागायची मात्र माझ्याकडून राहून गेली.

तुमच्या शाळेत, घरात ‘कणखर’ या शब्दाचा अर्थ मुलं काय सांगतात, ते एकदा त्यांनाच विचारून बघा. उत्तरं ऐकून आपणच थोडे शहाणे होऊ.